आधी साहेब व्हा, मग भाड्यानं राहा

कोल्हापुरात भाड्यानं राहताय, कमाई बेताची आहे, आणि सरकार भाड्याला काही देत नाही म्हणून कुरकुरताय? देतं की! केंद्राच्या घरभाडे भत्त्याच्या यादीत आपलं कोल्हापूर ‘वाय’ वर्गात आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून इथल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला मूळ पगाराच्या २० टक्के भत्ता मिळतो. मूळ पगार ६०,००० असेल, तर महिन्याला १२,०००. तुम्ही उद्यमनगरात लेथवर उभे राहता किंवा राजारामपुरीत चार घरची धुणीभांडी करता, यात सरकारचा काय दोष? साहेब व्हायला कुणी अडवलं होतं?

बरं, भत्ता नसलेल्यांचीही सोय आहे. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८०जीजी, महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतचं भाडं उत्पन्नातून वजा. अट किरकोळ आहे: कर भरावा लागेल इतकं कमवायचं आणि जुनी करप्रणाली धरायची. गरिबी हटवायचं तेवढं तुम्ही उरकून घ्या, पुढचं सरकार बघतंय.

तरी गरीबच राहायचा हट्ट असेल तर पंतप्रधान आवास योजना. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत, देशात कुठंही नावावर पक्कं घर नाही. बसलात की नेमके! आता फक्त गृहकर्ज काढा, व्याजावर १.८० लाखांपर्यंत अनुदान आहे. बँक पगाराची स्लिप मागेल. कारखानदार हातात रोख पैसे टेकवतो, ही रड तिथं सांगू नका, मॅनेजरला पण घर आहे. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचाही एक भाग आहे. तो निवांत वाचा. वाचायला डिपॉझिट लागत नाही.

खरी गंमत कागदांची. कुठल्याही खिडकीवर जा, पत्त्याचा पुरावा आणा म्हणतात, म्हणून तुम्ही मालकाकडं करार मागता. मालक म्हणतो, “कागद कशाला रं? आपण काय परकं हाय? एक तारखेला रोख दे आन ऱ्हा की. आन लाईट बिलाची झेरॉक्स मागायची न्हाई.”

वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो की करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाचीच. नाही नोंदवला तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम मालकाला जरूर वाचून दाखवा, अगदी मोठ्यानं. फक्त त्याआधी सिलिंडर आणि पोरांची दप्तरं पाहुण्यांकडं हलवून ठेवा.