प्रतिक्रियेला उत्तर: ऑस्ट्रेलिया एक झाला तो कुणाच्या मतानं?

नमस्कार. ऑस्ट्रेलियावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "सहा वसाहतींची मोट लंडनच्या संसदेनं बांधली, राणीनं मंजुरी दिली, यात लोकांचा काय संबंध? आणि मूळ रहिवाशांबद्दल अवाक्षर नाही." पहिला आक्षेप मला मान्य नाही. दुसरा मात्र अगदी बरोबर आहे.

एकीकरणाचा कायदा 1900 साली लंडनमध्ये झाला हे खरं. पण राज्यघटनेचा मसुदा तिथला नव्हता. 1891 चा पहिला मसुदा वसाहतींच्या विधिमंडळांत धूळ खात पडला, तो हलवला मरे नदीकाठच्या कोरोवा गावातल्या 1893 च्या परिषदेनं. प्रतिनिधी लोकांनीच निवडावेत आणि मसुद्यावर मतदान घ्यावं, हा व्हिक्टोरियातले वकील जॉन क्विक यांचा ठराव तिथला. परिषद याच गावात भरली यात नवल नाही. नदी म्हणजे न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन वसाहतींची हद्द, आणि पलीकडे माल न्यायचा तर जकात भरा! जवळच्या अल्बरीला तर रूळही बदलायचे. न्यू साउथ वेल्समध्ये दोन रुळांतलं अंतर 4 फूट साडेआठ इंच, व्हिक्टोरियात 5 फूट 3 इंच. सिडनीहून मेलबर्नला निघालेला माणूस सामानसुमान उचलून फलाट ओलांडायचा आणि दुसऱ्या गाडीत बसायचा. एकीकरणाची निकड या लोकांना भाषणांतून कळायची गरज नव्हती.

1898 च्या मतदानात न्यू साउथ वेल्समध्ये बाजूनं 71,595 आणि विरुद्ध 66,228 मतं पडली. तरी मसुदा अडला, कारण बाजूनं किमान 80,000 मतं हवीत अशी अट होती. मग वसाहतींचे पंतप्रधान पुन्हा बसले, राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच पण सिडनीपासून निदान 100 मैल दूर अशी तडजोड झाली, आणि 1899 मध्ये पुन्हा मतदान घेऊन मसुदा मंजूर झाला. लोकांचा संबंध नसता तर हा खटाटोप कशाला केला असता?

आता तुमचा दुसरा मुद्दा. मी तो गाळायला नको होता, कारण मतपेटीची ही गोष्ट त्याच्याशिवाय अर्धीच राहते. साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतीत 1894 पासून बायकांना मताधिकार होता, आणि तो मूळ रहिवासी स्त्री-पुरुषांनाही होता. पॉइंट मॅक्ले या त्यांच्या वस्तीतले लोक मतदान करत. 1 जानेवारी 1901 ला देश एक झाला आणि पुढच्याच वर्षी केंद्राच्या कायद्यानं गोऱ्या बायकांना देशभर मत दिलं, मूळ रहिवाशांना मात्र वगळलं. आधीपासून यादीत असलेल्यांचा हक्क राज्यघटनेच्या 41 व्या कलमानं राखला होता, पण अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ इतका आवळला की नवी नावं चढेनात आणि जुनी गळत गेली. म्हणजे वसाहतीनं दिलेलं मत राष्ट्रानं काढून घेतलं. याच कायद्यानं आशियातले लोकही वगळले होते. 1922 मध्ये भारतीय नेते श्रीनिवास शास्त्री तिथे जाऊन बोलले, आणि 1925 मध्ये तिथल्या भारतीय रहिवाशांना मत मिळालं.

शिवाय 127 वं कलम होतंच: लोकसंख्या मोजताना मूळ रहिवासी धरायचे नाहीत. ते 27 मे 1967 च्या जनमतानं गेलं, बाजूनं 90 टक्क्यांहून जास्त मतं पडली. पॉइंट मॅक्लेला जन्मलेले लेखक आणि संशोधक डेव्हिड युनायपन आज तिथल्या 50 डॉलरच्या नोटेवर आहेत. देश एक झाला तेव्हा ते 28 वर्षांचे होते. 1967 च्या 7 फेब्रुवारीला, त्या जनमताच्या साडेतीन महिने आधी, ते वारले.

मूळ लेखात हा भाग आज जोडला आहे.