एका स्टडचे 9,400 रुपये कसे झाले, मालकाकडून उत्तर

नमस्कार साहेब, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. दोन दिवस थांबून लिहितोय, कारण त्याच दिवशी लिहिलं असतं तर काहीतरी वेडंवाकडं लिहून बसलो असतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की फोनवर अडीच हजार सांगितले आणि बिल 9,400 चं लावलं, दोन दिवस म्हणून जीप नऊ दिवस ठेवली, स्टड (इंजिनचं हेड ब्लॉकवर आवळून धरणारी आट्यांची सळी) आमच्याच पोरांनी तोडला आणि दीडशे रुपयाच्या स्टडसाठी तुम्हाला लुटलं. चारी गोष्टींवर बोलतो, आणि जिथं आमची चूक हाय तिथं चूक म्हणूनच सांगतो.

पहिलं अडीच हजाराचं. करूळ घाटात गाडी तापली, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत असं तुम्ही फोनवर सांगितलं, माझ्या भाच्यानं ऐकलं आणि हेड गॅस्केटचं (हेड आणि ब्लॉकच्या मधल्या पातळ सीलचं) काम म्हणून आकडा सांगून मोकळा झाला. गाडी न बघता आकडा सांगायचा नाही हे त्याला शंभरदा सांगितलंय, पण काउंटरवर बसला की त्याला उत्तर द्यायची घाई असते. ही चूक आमची. गुरुवारी काम वाढलंय हे कळल्यावर मी तुम्हाला फोन करायला पाहिजे होता, मी व्हॉट्सॲपवर फोटो टाकले आणि निळ्या टिका दिसल्या म्हणून तुम्हाला मान्य हाय असं धरून चाललो. ही चूक माझी स्वतःची. फोटो बघून माणसाला खर्च कळत नाही, बोलायलाच पाहिजे होतं.

आता स्टड कोणी तोडला ते. तुटला आमच्याच हातात, खोटं कशाला बोलू. दोन आणि तीन नंबर सिलेंडरच्या मधला नट सोडताना अर्धा फेरा फिरला, मग पाना एकदम मऊ लागायला लागला (ज्यानं स्टड तोडलेत त्याला हा मऊपणा हातात कळतो, पोटात गोळा येतो) आणि टक् करून गेला, ब्लॉकच्या तोंडापासून चारेक मिलीमीटर आत. पण तुटलेलं तोंड तुम्ही फोटोत नीट बघा. जवळजवळ सगळं काळं पडलंय, गंजलंय, कडेला फक्त चंद्रकोरीएवढा भाग चकाकतोय. चकाकतोय तेवढाच आमच्या हातानं तुटला, काळं हाय ते कितीतरी आधीपासून चिरलेलं होतं आणि तुम्ही त्याच्यावर घाट चढत होता. म्हणून तर तिथं हेड दाबलं जात नव्हतं, गॅस्केट बरोबर त्या दोन सिलेंडरच्या मध्ये जळलं आणि दोन्हीचं कॉम्प्रेशन निम्म्यावर आलं. म्हणजे स्टड गॅस्केट बदलताना मोडला असं नाही, स्टड मोडत आला होता म्हणून गॅस्केट गेलं.

तुमची गाडी फ्लॅटहेड हाय, 2199 सीसी, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आणि वर नुसतं झाकणासारखं हेड. आपल्याकडं महिंद्राची नंतरची जी हरिकेन पेट्रोल जीप जास्त दिसते तिला हेडला बोल्ट असतात आणि त्यातला एक कार्बोरेटरच्या खाली लपलेला, तो कसायचा विसरला की गॅस्केट गेलंच. तुमच्या इंजिनला तसलं काही नाही, त्याला स्टड आणि नट. ह्या स्टडच्या भोवती सगळीकडं पाणी खेळतं, तुमच्या ह्या स्टडचं भोक तर थेट वॉटर जॅकेटमध्येच, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत उघडतं. साधं नळाचं पाणी घालून वर्षानुवर्षं गाडी चालवली की स्टड मधल्या मध्ये बारीक होत जातो, वरून नट बघा तर नवाकोरा वाटेल.

तुटका तुकडा काढायला आम्ही ईझी-आउट (तुटक्या स्टडमध्ये रुतवून तो उलटा फिरवायचं हत्यार) घातला नाही, ते मुद्दामच. ईझी-आउट आत मोडला तर त्याच्यावर ड्रिल चालत नाही, आणि मग ब्लॉक घेऊन दारोदार फिरायची पाळी येते. आम्ही तुकड्यावर वेल्डिंगचा ठिपका वाढवत वर आणला, त्याच्यावर नट वेल्ड केला, गार होऊ दिला, मेणबत्ती लावली, हळूहळू मागं-पुढं हलवलं. दोनदा नट निघून आला. ह्या दोन खेपांचा अर्धा दिवस बिलात लावलेला नाही. तिसऱ्या वेळी वेल्डिंगची आंच बसल्यावर जळका वास सुटला आणि माझा जुना मिस्त्री म्हणाला, मालक हे ऍरल्डाईट हाय.

तुकडा बाहेर आला तेव्हा बाकीचं कळलं. तो मूळचा स्टडच नव्हता. मूळ स्टड ब्लॉकच्या बाजूला 7/16 इंची, इंचाला 14 आट्यांचा. कुणीतरी मागं कधीतरी ते आटे गेल्यावर हातानं 12 मिलीमीटरचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारला होता, तोही तिरका, 12 चा बोल्ट डोकं कापून आत घातला होता आणि हलू नये म्हणून ऍरल्डाईट ओतलं होतं. कुणी केलं ते मला माहीत नाही, तुमच्या वडिलांच्या काळात झालं असेल, रस्त्यात अडकलेल्या गाडीला तेव्हा कुणीतरी घरी पोचवलं असंही असेल, नाव ठेवत नाही. पण त्यामुळं तुम्ही म्हणता तो दीडशे रुपयाचा स्टड त्या भोकात नुसता घातला असता तर आट्यात बसलाच नसता. तो स्टड मिळतो, मी कधी नाही म्हटलं? बसवायला ब्लॉकमध्ये आटे पाहिजेत की ओ.

रस्ते दोन होते. एक म्हणजे इंजिन उतरवून पूर्ण खोलून ब्लॉक मशीनवर चढवायचा, त्यात पंचवीसेक हजार सहज गेले असते. दुसरा म्हणजे गाडीतच सरळ भोक करायचं, आणि हातात ड्रिल धरून ते सरळ होत नाही, ड्रिल जुन्या तिरक्या भोकाकडंच ओढला जातो. म्हणून उद्यमनगरात जाऊन जाड लोखंडी प्लेटची जिग (ड्रिल सरळ धरणारा साचा) करून घेतली, ती आजूबाजूच्या चांगल्या स्टडवर बसवून नटानं आवळली आणि तिच्या बुशमधून 12 चा ड्रिल खाली सोडला. 12 चा ड्रिल घेतला की 12 चे जुने आटे साफ निघून जातात, मग 14 मिलीमीटरचा टॅप. कूलंट आधी काढला होता, सिलेंडरमध्ये ग्रीस लावलेल्या चिंध्या कोंबल्या होत्या, कारण बीडाचा चुरा रिंगवर पडला की पुढचं काम आमच्याच बोडख्यावर. भोकाच्या तोंडाला बारीक चांफर (तिरकी कड) मारला, नाहीतर नट आवळताना वरचा आटा ओढला जाऊन ब्लॉकचं तोंड उचलतं आणि नवं गॅस्केट पहिल्याच आठवड्यात रडायला लागतं.

स्टड लेथवर करून घेतला, ईएन-24 ह्या मजबूत पोलादाच्या बारमधून, खाली 14 मिलीमीटरचा आणि वर मूळचा 7/16 इंची बारीक आट्याचा, म्हणजे स्टेप स्टड. पहिला स्टड मी परत पाठवला, का तर त्याची पायरी ब्लॉकच्या तोंडाच्या केसभर वर येत होती, तसाच घातला असता तर हेड गॅस्केटवर बसण्याऐवजी त्या पायरीवर बसलं असतं. दुसरा व्हायला दोन दिवस गेले, मध्ये रविवार. तुमचे नऊ दिवस असे गेले. सीलंट लावून हातानंच बसवला. नट मधून बाहेर अशा क्रमानं तीन टप्प्यांत, शेवटी 62 फूट-पाउंड टॉर्कनं (आवळायच्या जोराचं माप), मॅन्युअलमध्ये ह्या नटांना 60 ते 65 हाय. पान्यावर पाइप घालून आवळणारे आमच्याकडं नाहीत.

बिल परत एकदा इथंच सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. हेड काढणं-बसवणं 3,000, जिग आणि ड्रिल-टॅप 2,400, स्टेप स्टड 800, हेड वाकलं होतं म्हणून फेसिंग (मशीनवर सपाट करणं) 1,200, गॅस्केट 1,100, ऑइल कूलंट सीलंट मिळून 900. पैसे परत द्या असं तुम्ही लिहिलंय, तर ह्यातला रुपया मी परत करणार नाही, काम झालेलं हाय. गाडी चालू हाय की नाही ते तुम्ही रिव्ह्यूत लिहिलेलंच नाही, तेवढं एक मला खटकलं, सांगून टाकतो. पण गाडी इथं अडकली म्हणून तुम्हाला एसटीनं दोनदा यावं लागलं, मी वेळेत फोन केला असता तर एक फेरी वाचली असती. त्या फेरीचं भाडं मी देणार, घ्यायला लाजू नका.

आता कामाचं. बिलाच्या मागं लिहून दिलं होतं की 500 किलोमीटर झाल्यावर हेड परत टॉर्क करायला या, त्याचे पैसे नाहीत. तुम्ही आला नाही. नवं गॅस्केट दबतं, नट सैल पडतात, आणि आणखी दोन स्टड मधून बारीक झालेले मी तुम्हाला दाखवले होते, तुम्ही आत्ता नको म्हणाला, तेही बिलावर लिहिलंय. रागावून दुसरीकडं गेलात तरी चालेल, पण टॉर्क रेंच असलेल्या माणसाकडंच जा आणि इंजिन पूर्ण गार असताना करायला सांगा. आमच्याकडं यायचं असेल तर आदल्या रात्री गाडी इथं लावा, सकाळी आठला पहिलं तुमचंच काम घेतो. तुटलेला तुकडा काउंटरच्या ड्रॉवरमध्ये डबीत ठेवलाय, ऍरल्डाईटसकट. आणि फोन माझ्याच नंबरवर करा, भाच्याला आता आकडे सांगायची बंदी घातलीय.