शेजारच्या राज्यात 'आपोआप इन-स्टेट फी'? तो मेसेज पुढे पाठवायच्या आधी हे वाचा

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, की पश्चिमेकडच्या राज्यात राहत असाल तर पोरांना शेजारच्या राज्यातल्या कुठल्याही सरकारी कॉलेजात आपोआप इन-स्टेट फी (त्या राज्याच्या रहिवाशांना लागते ती कमी फी) लागते आणि वर्षभरात तिथली रेसिडेन्सीपण, म्हणजे त्या राज्याचा रहिवासी असल्याचा दर्जापण, मिळते. हे डब्ल्यूयूईबद्दल आहे, वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्सचेंज, म्हणजे पदवी शिक्षणाच्या फीसाठी पश्चिमेकडच्या राज्यांनी आपसात केलेला करार. स्कीम खरी आहे, उत्तम आहे, पण मेसेज चुकीचा आहे आणि लोक त्यावर कॉलेजांची यादी ठरवतायत, म्हणून लिहितेय.

"इन-स्टेट फी" : नाही. तिथल्या रहिवाशांच्या ट्यूशनच्या (कॉलेजच्या शिक्षण फीच्या) जास्तीत जास्त १५० टक्के. म्हणजे त्यांना १० हजार डॉलर असेल तर तुम्हाला १५ हजारापर्यंत. आउट-ऑफ-स्टेट, म्हणजे बाहेरच्या राज्यातल्यांना लागणाऱ्या पूर्ण फीपेक्षा हे बरंच कमी पडतं, पण सूट फक्त ट्यूशनवर, डॉर्म (हॉस्टेल) आणि मील प्लॅनचे पैसे सगळ्यांसारखेच.

"कुठलंही कॉलेज" : इथेच सगळ्यात जास्त घोळ आहे. १६० च्या वर कॉलेजं यात आहेत, पण सक्ती कोणावरच नाही, ज्याला यायचं तो येतो. कॅलिफोर्नियातलं बर्कली नाही, यूसीएलए नाही, सिॲटलचं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन नाही, कोलोरॅडोचं बोल्डर नाही. उघड आहे ना, जिथे पूर्ण फी भरणाऱ्यांचीच रांग लागलीय ते कशाला सूट देतील? आणि जी कॉलेजं आहेत त्यातली काही ठराविक मेजरनाच (मुख्य विषयांनाच) देतात, नर्सिंग किंवा इंजिनिअरिंग वगळलेलं असू शकतं, काही जीपीए (ग्रेडची सरासरी) बघतात, काहींच्या जागा मोजक्या असतात.

"आपोआप" : काही कॉलेजं अर्जावरूनच विचार करतात, काहींना वेगळा अर्ज लागतो आणि त्याची डेडलाइन आधीची असते. ती गेली की गेली, ॲडमिशन मिळूनसुद्धा फी पूर्ण.

"वर्षभरात रेसिडेन्सी" : उलट आहे. डब्ल्यूयूई रेट घेतलात तर तो काळ साधारणपणे रेसिडेन्सीसाठी धरतच नाहीत.

आणि डॅलस-ह्यूस्टनवाल्यांनो, टेक्सस या पश्चिमेच्या करारात नाहीच, तुमच्या पोरांना हा रेट लागू नाही, कृपया पुढे पाठवू नका.

यादी करताना प्रत्येक कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला ईमेल करा आणि एवढंच विचारा: या मेजरला डब्ल्यूयूई आहे का, वेगळा अर्ज लागतो का, मेजर बदललं तर रेट राहतो का, आणि दरवर्षी टिकवायला किती जीपीए लागतो. उत्तर लेखी घ्या.