१२० किलोच्या वर रक्ताच्या गुठळीवरच्या नवीन गोळ्या चालत नाहीत? कोण म्हणतं?

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, काल तोच नेरूळच्या मावशीकडूनपण आला. म्हणणं असं की वजन १२० किलोच्या वर असेल तर गुठळीवरच्या नव्या गोळ्या अंगाला पुरत नाहीत, मग एकतर जुनी गोळी वॉरफरिनच घ्या नाहीतर डोस डबल करा, आणि जोडीला रोज कच्चा लसूण.

पहिला मुद्दा अगदीच हवेतला नाही. २०१६ साली आयएसटीएच या रक्ताच्या गुठळ्यांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेच १२० किलो किंवा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) ४० च्या वर या गोळ्या टाळा म्हटलं होतं, पण ते गोळी फेल गेली म्हणून नाही, एवढ्या वजनाचे पेशंट तोवरच्या अभ्यासांत फारच कमी होते म्हणून. पुढे माहिती जमली आणि २०२१ मध्ये त्यांनीच सल्ला बदलला: पायात किंवा फुफ्फुसात गुठळी असेल तर रिवारोक्साबान किंवा अ‍ॅपिक्साबान नेहमीच्याच डोसमध्ये चालतं, वजन कितीही असो. डॅबिगाट्रान आणि एडोक्साबान मात्र त्यांनी पुराव्याअभावी सुचवलं नाही, म्हणजे सगळ्या नव्या गोळ्या सारख्या धरू नका.

डोस डबल हे तर डेंजर आहे, सरळ ब्लीडिंगला आमंत्रण. अ‍ॅपिक्साबान पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि मग ५ दोनदा, हे ५५ किलोवाल्यालापण तसंच असतं. किलोवर हिशोब करून देतात ते एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन. आणि रिवारोक्साबानची १५ किंवा २० ची गोळी जेवणासोबतच घ्यायची असते, संकष्टीला उपाशीपोटी घेतली तर नीट शोषली जात नाही, आणि मग खापर वजनावर!

वॉरफरिन वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. हृदयात धातूचा व्हॉल्व्ह असेल किंवा अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम (शरीराच्याच अँटीबॉडीजमुळे गुठळ्या होण्याचा आजार) असेल तर तेच बरं. पण "जुनं म्हणजे सेफ" हे कुठून आलं? आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय याचा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायला सारखं रक्त तपासा, मेथी-पालक कधी खूप कधी काहीच नाही असं करू नका, सुरुवातीला निदान ५ दिवस सोबत इंजेक्शन. वजन कमी करायचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा गोळी नीट शोषली जाईल याची खात्री नसते म्हणून आधी इंजेक्शनवरच ठेवतात.

लसूण फोडणीत घाला, गुठळीवर तो उपचार नाही.

ग्रुपवर एका काकांनी विचारलंय, मग माझी चालू गोळी बंद करू का. नाही काका, अजिबात नको, अचानक बंद केली तर परत गुठळी होऊ शकते, आज संध्याकाळीच तुमच्या डॉक्टरांना फोन करा.