जाड टाका, जाड!

काल संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्या गाडीत कोणतं ऑइल पडावं यावर सभा भरली. मतं सगळ्यांनी मांडली. गाडीच्या मालकिणीला, म्हणजे मला, कुणी विचारलं नाही.

गाडी २०१४ची, पेट्रोलवरची, सेकंडहँड. मेकॅनिक म्हणाला होता, "मटेरियल तुम्ही आणा मॅडम, मी फक्त मजुरी घेतो." गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत स्वच्छ छापलंय: ऑइलचा जाडपणा ५डब्ल्यू-३०, फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास. पुस्तिका बरोबर घेतली. क्लास सुटलेला भाचाही बरोबर होता. तो नववीत आहे. या प्रकरणात त्याचं महत्त्व एवढंच, की तो पुरुष आहे.

"५डब्ल्यू-३० द्या आणि ऑइल फिल्टर," मी म्हणाले.

"कोणती गाडी?" दुकानदाराने भाच्याला विचारलं.

भाचा मोबाइलमध्ये होता. मी गाडी सांगितली.

"रनिंग किती झालंय?" पुन्हा भाच्यालाच.

"ब्याऐंशी हजार," मी.

"चालवतं कोण?"

"मी."

"तसं नाही, मेंटेनन्सचं कोण बघतं? मिस्टरांना एक फोन लावून घ्या ना. सील फोडलं की आम्ही परत घेत नाही."

आमचे मिस्टर स्कूटर चालवतात. गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे त्यांना माहीत नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही.

इथे अण्णा बोलते झाले. स्पेअर पार्टच्या दुकानात ऑइलच्या वीस लिटरच्या बादलीवर एक गृहस्थ बसलेले असतातच. ते मालक नसतात, नोकर नसतात, गिऱ्हाईक तर मुळीच नसतात. बादली मात्र त्यांची असते. कुणाला बादलीच विकत हवी असली तर दुकानदार आतून दुसरी आणतो. हे अण्णा सातपूरच्या कुठल्याशा कंपनीतून निवृत्त झालेले. "छत्तीस वर्षं कंपनीत काढलीत, इंजिन आपल्याला नवीन नाही," हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. कोणत्या खात्यात होते ते मी नंतर विचारलं. टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी मांडायला.

"ब्याऐंशी म्हणजे सव्वा लाख धर," अण्णा भाच्याला म्हणाले. "सेकंडहँड गाडीचं मीटर मागं फिरवलेलं असतंच."

गाडी माझ्या नणंदेची होती, सर्व्हिसिंगची सगळी बिलं फाइलला आहेत, असं मी सांगितलं.

"नात्यात तर जास्त फिरवतात."

नणंद डोळ्यांसमोर आली आणि खरं सांगते, क्षणभर मला ते पटलं.

मग अण्णा बादलीवरून उठले. दुकानदार चकित झालेला दिसला, त्याअर्थी असं रोज घडत नसावं. "चल, बॉनेट उघड रे." भाचा गाडीभोवती फिरून आला, त्याला खटका सापडेना. मी आत हात घालून ओढला. त्याबद्दल भाच्याला "शाब्बास" मिळालं. अण्णांनी डिपस्टिक काढली, तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं, मावळतीकडे धरलं आणि नाडीपरीक्षा झाल्यासारखे डोळे मिटून उभे राहिले. मागे द्वारकेची वाहतूक. मुंबई-आग्रा आणि पुण्याचा असे दोन्ही रस्ते तिथे एकमेकांच्या अंगावर येतात. माझी गाडी अर्धी रस्त्यात, एक टेम्पोवाला सारखा हॉर्न वाजवतोय आणि अण्णांचं निदान चाललंय.

"काळं पडलंय."

"म्हणून तर बदलतेय. ऑइलमध्ये डिटर्जंट असतं, ते काजळी धरून ठेवतं, त्याने काळं पडतं. नुसत्या रंगावरून इंजिनाचं काही कळत नाही."

"डिटर्जंट!" अण्णा भाच्याकडे बघून हसले. "बाळा, ऑइल आहे ते, कपडे धुवायची पावडर नाही." मग गंभीर झाले. "इंजिन सैल झालंय. जाड टाका. वीस-पन्नास. म्हाताऱ्या माणसाला पातळ पेज देऊन चालत नाही."

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना पातळ पेजच देतात. पण ते असो.

राग याचा, की त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं. इंजिन खरोखर तेल पीत असेल तर लोक तीसच्या जागी चाळीस टाकतात, ते काही वेडेपणाचं नाही. पण माझी गाडी तेल पीत नाही. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये डिपस्टिकवरची पातळी जेमतेम हलते आणि ते बघणारी या घरात मी एकटी. शिवाय अण्णांचं सगळं लक्ष दुसऱ्या आकड्यावर, म्हणजे इंजिन तापल्यावर, शंभर अंशांना, तेल किती जाड राहतं त्यावर. पहिला आकडा थंडीतला, त्याचं काय? डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरवाले नाशिकचं नाव घालून मोकळे होतात. तितकी नसली तरी थंडी आमच्या पार्किंगमध्येही असते. तशा पहाटे वीस-पन्नास इंजिनात चढायला वेळ लावणार आणि तोवर आतलं लोखंड लोखंडावर घासणार. हे सगळं मी बोलले. मोठ्यांदा, टेम्पोच्या हॉर्नच्या वर. टेम्पोवाल्याने बहुतेक ऐकलं असावं.

"हात पुसायला काही आहे का?" अण्णांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गाडीच्या टपावर उघडी ठेवलेली पुस्तिका घेतली. अंगठा पुसला. मग पहिलं बोट. मग अंगठ्याची दुसरी बाजू. बरोबर ऑइलच्या तक्त्यावर. ५डब्ल्यू दिसतंय, त्यापुढे अण्णांचा अंगठा आहे. जमिनीच्या खरेदीखतावरही इतका स्पष्ट ठसा उमटत नाही.

दुकानात परतलो तर दुकानदाराने एक डबा काढून ठेवलेला. १५डब्ल्यू-४०, खाली सीआय-४. म्हणजे डिझेलचं. पेट्रोलच्या ऑइलवर एसने सुरू होणारी अक्षरं असतात, एसएन २०१०चं, एसपी २०२०चं, सीवाली डिझेलची. "दोन्हीला चालतं हो," दुकानदार म्हणाला. त्याच्या दुकानात सगळ्यालाच सगळं चालतं.

शेजारी ट्रॅक्टरचा फिल्टर घ्यायला आलेले एक द्राक्षबागायतदार उभे होते. इतका वेळ गप्प. ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले, "ताई, पुस्तकात काय लिहिलंय?" मला भरून आलं. मी ठसा दाखवला, त्याखालचा आकडा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुस्तक नव्या गाडीचं असतं, ताई. जाडच टाका."

फिल्टरचं त्यापेक्षा लवकर उरकलं. काउंटरवर तीन आले: "हा कंपनीचा, हा कंपनीसारखा आणि हा चालणारा." बाहेरून तिन्ही डबे सारखेच. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं तेल खाली उतरू नये म्हणून आत एक रबरी झडप असते. ती रद्दी निघाली की सकाळी इंजिन काही क्षण कोरडं खडखडतं. दुकानात हे दिसायची सोय नाही. शे-दोनशे रुपयांची वस्तू, तिच्यावर सगळं इंजिन टांगलेलं आणि ग्राहकाने खोटा होलोग्राम ओळखायला शिकायचं! ऑइलचा रिकामा डबासुद्धा भोक पाडून टाकायचा, नाहीतर त्यात भलतंच तेल भरून तो पुन्हा बाजारात येतो. ही आपली जबाबदारी. मग बाकीचे काय करतात? बादलीवर बसतात.

मी कंपनीचा फिल्टर घेतला, ५डब्ल्यू-३०, एसपी लिहिलेलं ऑइल घेतलं. ड्रेन प्लगचा, म्हणजे जुनं तेल सोडायच्या बुचाचा, वॉशर मागितला. "त्याला काय होतंय, जुनाच लावा," दुकानदार म्हणाला. अण्णांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि चष्म्याची डबी, बसचं तिकीट, पेन असं बाजूला सारत एक कोरा तांब्याचा वॉशर काढून भाच्याच्या हातावर ठेवला. "राहू दे बाळा, पैसे नको." आज सकाळी मेकॅनिकने तो लावला. बसला, अगदी बरोबर बसला. याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

पैसे मी दिले. उरलेले सुटे दुकानदाराने भाच्याला दिले.

रात्री जेवताना भाच्याने सगळं सांगितलं. म्हणजे त्याच्या लक्षात राहिलं तेवढं: "काका, ते अण्णा म्हणाले, इंजिन गेलंय."

मिस्टरांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता मान वर केली.

"मग जाड घ्यायचं होतंस ना," ते म्हणाले.