बशीखालचं पाकीट

सकाळी चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) आटपून घरी आले, व्हॉट्सॲप उघडलं आणि तो फोटो दिसला. तांदूळ-डाळ-तेलाची पिशवी धरून एक बाई मधे उभी. आजूबाजूला सहा जण, सगळ्यांचे हात त्या एका पिशवीला. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, ती एकटी जमिनीकडे. दुपार झाली तरी माझं डोकं शांत होत नाही, म्हणून लिहितेय.

मी आठ वर्षांची असताना बाबा वाडीत पडले आणि सात महिने अंथरुणावर होते. घरात पैसा यायचा बंद झाला. एका बुधवारी काळोख पडल्यावर दोघे जण आले, तेही मागच्या पडवीतून. विन्सेंट डी पॉलवाले, म्हणजे गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेची माणसं. त्यातले एक आमच्या गावातलेच सुतारकाका. बाबांच्या खाटेशी बसून विहिरीला पाणी किती, केळी कशी आहेत, असलंच बोलले. कोरा चहा प्यायले आणि गेले. आईने कपबशा उचलल्या तर बशीखाली पाकीट. मग दर बुधवारी. मला वाटायचं, पाहुणे येतात.

वसईतल्या माझ्या मित्रमैत्रिणींना हे काम नवीन नाही. 1833 मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानमने ते सुरू केलं, तेव्हा तो वीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने आणि त्याच्या मित्राने काय केलं? स्वतःकडचं उरलेलं सरपण उचललं आणि एका गरिबाच्या घरी नेऊन दिलं. स्वतः, दारात जाऊन. आजही दोघा-दोघांनी घरी जायचं, बसायचं, ऐकायचं हीच रीत आहे. बैठकीत पिशवी फिरते, त्यात प्रत्येकाने मूठ घालायची. कोणी किती टाकले, शेजारच्यालाही कळत नाही. देणाऱ्याची मूठसुद्धा आपण झाकतो, आणि घेणारीचा चेहरा चारशे माणसांच्या ग्रुपवर?

दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, हे येशूचं डोंगरावरच्या प्रवचनातलं सांगणं दर उपवासकाळात ऐकतो ना आपण? मग?

हो, देणगीदारांना हिशेब लागतो, मान्य. बिलाचा फोटो टाका. पिशव्यांच्या थप्पीचा टाका. त्या बाईने पिशवी मागितली होती, फोटो नव्हता मागितला.

सुतारकाका पुढे तीस वर्षं भेटत राहिले. बाजारात, सणाला, माझ्या लग्नात. पण त्या बुधवारांबद्दल त्यांच्या तोंडून अवाक्षर नाही, नजरेतसुद्धा कधी काही दिसलं नाही. मला आईकडून कळलं, तेही मी कमवायला लागल्यावर. त्यांच्या मयतीला गेले तेव्हाही मी कोणाला बोलले नाही. आज पहिल्यांदा सांगतेय. आई असती तर रागावली असती.

फोटोतली सहाही पोरं चांगली आहेत, हेही लिहायला हवं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये याच पोरांनी उन्हात पोती वाहिलीत, मी डोळ्यांनी पाहिलंय. दोघांना तर मीच धर्मशिक्षण शिकवलंय. म्हणून जास्त लागलं. ते आम्ही शिकवायचं राहिलं की काय, हे सकाळपासून डोक्यात फिरतंय.

बाळांनो, वाचत असाल तर आज झोपायच्या आधी तो फोटो ग्रुपवरून काढून टाका. तिची मुलगी पाचवीत आहे आणि संध्याकाळी आईचा फोन तिच्याच हातात असतो.