पार्टी येतेय, कुत्रा आवरा!

फ्लॅट विकायला काढलाय, आणि एजंटचा फोन नेमका रविवारी, पानं वाढली की. "मॅडम, पार्टी खालीच आहे, पाच मिनिटांत वर येतो." अहो, पाच मिनिटांत माणसं आवरत नाहीत, इथे एक लॅब्रेडॉर आणि एक बोका आवरायचाय! मग धावाधाव. बोक्याचा ट्रे बाल्कनीत, सोफ्यावरचे केस चिकटपट्टीने उपटायचे, नखांनी ओरबाडलेल्या कोपऱ्यावर चादर, वर वास जावा म्हणून उदबत्ती. लॅब्रेडॉरचे केस ऋतू बदलला की जास्त गळतात म्हणे. आमच्याकडे बाराही महिने ऋतू बदलतच असतो.

काकू दारातूनच विचारतात, "चावतो का?" नाही हो, चाटतो. त्यावर तर त्या आणखीच मागे सरतात. काका "स्टोरेज बघू" म्हणत कपाट उघडतात आणि आतून फिस्स! झालं, मास्टर बेडरूम न बघताच बाद.

आणि मग कार्पेट एरिया, पार्किंग राहिलं बाजूला. "सोसायटीत कुत्री चालतात?" प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत स्पष्ट आहे: सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण मी हे कुणाला समजावतेय? तुम्हाला पाळायचाय का? नाही ना? मग! कुत्रा फ्लॅटसोबत मिळत नाहीये, आमच्यासोबत जाणारेय.

जाता जाता ठरलेलं वाक्य, "प्राणी होते ना घरात, रंगकाम करावं लागेल, दोन लाख कमी करा." गेल्या दिवाळीतच रंग दिलाय हो!